एक शिट्टी

एकोणीस वर्षं खानापूर–बेळगाव गाडीवर
शिट्टी माझ्या ओठात होती.
एक म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड.
आता नाकाला चिमटा लावून
नळीसमोर बसतो,
आणि धारवाडकडची ती पोरगी ओरडते,
"ऊदरी! ऊदरी! इन्नू ऊदरी!"
जणू चूल विझायला आली आहे.

अडतीस टक्के.

मज्जा पारूक्कानं दिली.
ती बैलहोंगलात दिलेली, तिची पोरं कानडीतच रुसतात.
तिच्या हाडातलं पिशवीभर लाल
एका मंगळवारी माझ्या शिरेतून आत गेलं.
रक्तगटसुद्धा बदलला. कार्डावर खाडाखोड,
ओ होतो, बी झालो.
तिच्या पेशींनी जुना आजार हुसकला,
आणि मग, घर कुणाचं हे न ओळखता,
फुप्फुसातल्या बारीक वाटांवर हात टाकला.
लहानपणी अक्का खिडकीच्या जागेसाठी
चिमटे काढायची, तशीच.
फक्त आता खिडक्याच बुजत चालल्यात.

थुंकीत जंतू नाही, डॉक्टर अंकलगी म्हणाले.
मग जंतूंची गोळी कशाला?
"मारायला नव्हे. निववायला."
सोमवार, बुधवार, शुक्रवार.
कानात घणघणलं तर सांगा,
हृदयाची पट्टी अधूनमधून काढू,
जुना आजार डोकं वर काढतो का, त्यावरही नजर ठेवू.
गेलेला श्वास परत येईल असं मी म्हणत नाही,
आहे तो राहिला तरी...
वाक्य त्यांनी मराठीत सोडलं,
कानडीतही पुरं केलं नाही.

टिळकवाडीतल्या औषधवाल्यानं चिठ्ठी उलटीसुलटी पाहिली.
"तीन दिवसांची असते हो ही.
महिनोन्महिने कोण घेतं?"
सुट्टे परत देताना
माझ्या धापेकडे बघून तो गप्प झाला.

पाच महिने.
अडतीस, सदतीस, अडतीस.
एवढ्याशा आकड्यावर बायकोनं शिरा केला.

रविवारी अक्काचा फोन येतो.
कसा आहेस, असं ती विचारत नाही.
"माझ्या बऱ्या हायत न्हवं? भांडाल्यात काय अजून?"
"बसल्यात गप."
"खिडकी दे त्यांना. मग कशाला भांडतील?"
हसता हसता मला खोकला लागतो
आणि ती फोन न ठेवता
खोकला सरेपर्यंत पलीकडे बसून राहते.

काल कपाटात शिट्टी सापडली, खाकी खिशातच.
गॅलरीत जाऊन एकच वाजवली,
बारीक, मध्येच तुटलेली.
खाली रस्त्यावर कुणीही थांबलं नाही.