हद्द कायम मोजणी

गुहागर भूमी अभिलेखचे आम्ही चौघे.
मे महिन्यात आदेश आला:
पुढील आदेशापर्यंत आरोग्य विभागाकडे वर्ग.
साखळी, टेप, प्लेन टेबल कपाटात.
हातात थर्मल गन आणि छापील तक्ता –
मागच्या चौदा दिवसांत कोण कोण भेटले,
किती वेळ, किती अंतरावर.

अंतर मला कळतं.
बावीस वर्षं तेवढंच केलंय.
बाकीचं आशाताई शिकवायच्या, घाटी चढताना:
उत्तराआधी दारातल्या चपला मोजायच्या.

वरच्या वाडीत शांताराम डिंगणकर, पॉझिटिव्ह.
मला बघून आतूनच ओरडला,
"आता घरात पन मोजणी?"
त्याचा गडगा मी तीनदा मोजलेला.
चार हात जमीन, एक फणस,
सख्ख्या भावाशी एकोणीस वर्षं दावा.
मोजणीला दोघं दोन टोकांना उभे राहायचे,
एकमेकांचं बोलणं माझ्या तोंडून ऐकायचे.

"कोण कोण भेटलं?"
"कोन नाय."
"आठवून सांगा."
"बायको. दुधाचा पोरगा. कोन नाय."
आशाताईंनी पेन मिटलं नाही.
खाली खाडीत एक होडी फटफटत गेली,
ती लांब जाईपर्यंत तो खोकत राहिला.
मग म्हणाला, लिवा –
जनार्दन.
रोज रात्री, जेवल्यावर, गडग्यावर.
तो त्याच्या अंगाला, मी माझ्या.
किती वेळ?
इडी संपेपर्यंत.
दोघांत एकच?
याला उत्तर नाही.

तक्त्यात चौदाच दिवस होते,
त्यामागचं मी विचारलं नाही.
अतिजोखमीच्या रकान्यात नाव लिहिलं.
"साहेब, वकिलाला कळू देऊ नका. केस चालू हाय."

गडगा ओलांडून पलीकडे गेलो,
पहिल्यांदाच, नोटीस न बजावता.
जनार्दन ओटीवर पिशवी भरून बसलेला,
टॉवेल, लुंगी, पेजेला तांदूळ.
"कोणी सांगितलं?"
"चार दिस खोकतोय तो. ऐकू येतं हिकडं."

डिसेंबरात कपाट उघडलं. टेपला बुरशी.
पहिलाच अर्ज डिंगणकरांचा, चौथी मोजणी.
दोघं आले, वाळलेले, तोंडाला फडकी,
दोन टोकांना उभे.
मधे चिऱ्याच्या सांदीत थोटकं,
काही जुनी, काही कालची.
मी टेप त्यांच्यावरून नेला.
जनार्दन माझ्याकडे बघून म्हणाला,
"त्याला सांगा, सैल धरलाय."