फिंजान

दूतावासाच्या गाडीखाली मुलगा आला
त्याला आठ दिवस झाले होते.
मुतैब. सातवं वर्ष. हातात पावाची पिशवी.
वॉशिंग्टनच्या तारेत परिच्छेद अकरा,
त्यातल्या चौथ्यात स्पष्ट लिहिलेलं:
'खेद' चालेल. 'दुःख' चालेल.
'माफी' हा शब्द वापरू नये,
त्यातून जबाबदारी निघते.

निघते –
जुन्या फळीतून खिळा निघावा तशी,
वाकडी, किंचाळत.

करकच्या पुढे डांबर संपलं.
बासिल, माझा दुभाषी, खिडकीबाहेर बघत म्हणाला,
"बाई, ते कॉफी देतील. घ्या, पण पिऊ नका.
समोर ठेवा.
का पीत नाही, असं विचारतील.
मग ज्यासाठी आलात ते मागा.
दिलं म्हणाले, तरच प्या."
सव्वीस वर्षं या खात्यात काढली,
न पिणं कुणी शिकवलं नव्हतं.

तंबूत साठ-सत्तर पुरुष. बाहेर जोड्यांची रास.
मुलाचा आजा अबू नायिफ, एका डोळ्यात मोतीबिंदू;
कुठल्या डोळ्याशी बोलावं ते मला ठरवता येईना.
वेलदोड्याचा वास.
मी फिंजान खाली ठेवलं.
एक माशी काठावर बसली, उडाली,
पुन्हा बसली.
म्हातारा म्हणाला, "कॉफी घ्या."
मी म्हणाले –
काय म्हणाले ते अहवालात नाही.
अहवालात 'खेद' आहे. दोनदा.

बासिलनं माझं वाक्य उचलून अरबीत नेलं,
जाताजाता ते लांबलं.
मुलाचं नाव त्यात तीनदा ऐकू आलं,
मी एकदाच घेतलं होतं.
त्याला मी कधी विचारलं नाही.

म्हातारा बराच वेळ गालिच्याची दशी ओढत राहिला.
मग म्हणाला, "गार झाली ही. दुसरी ओता."

याला क्षमा म्हणतात का,
हे निवृत्त झाले तरी मला सांगता येत नाही.
दुसरी मी प्यायले. कडू, घोटभर.

निघताना तंबूच्या बायकांकडच्या बाजूला
पडदा चार बोटं सरकला.
तिला कुणी काही विचारलं नव्हतं.
तारेतही तिच्यासाठी ओळ नव्हती.
मी थांबले, नको तितकी थांबले,
आणि पडदा मिटला.

गाडीपाशी आलो.
ड्रायव्हर आत बसला नाही.
आधी गुडघ्यांवर बसून
त्यानं चारही चाकांखाली वाकून पाहिलं.