कमीत कमी अंतर

कॅनडा कॉर्नरच्या दुकानातून भाड्यानं आणलीय
दीडशे-सहाशेची लेन्स, चार दिवसांसाठी.
माझं पॅन कार्ड त्यांच्या ड्रॉवरमध्ये.
दोन किलो भरते. गच्चीच्या कठड्यावर टेकवून
पांडवलेण्याकडे वळवली तर
पायऱ्या चढणाऱ्या कुणाच्या तरी हातातली
पिशवी लाल आहे, हेही कळलं.
ताडोबात वाघाच्या मिशा मोजू, म्हणालो.

शर्वाणी चहा घेऊन आली.
तिच्याकडे फिरवली. नुसता पांढरट धूर,
मधे एक हलता पिवळा डाग, कप असावा.
लेन्स घुर्र घुर्र करत शोधत राहिली तिला.
"अजून मागे हो."
पाण्याच्या टाकीला पाठ लागली तेव्हा कुठे
स्पष्ट झाली ती:
एक भुवई, एक डोळा,
आणि चहा निवल्याचा राग.

खाली पलंगावर बॅगांचा पसारा.
पस्तीसची जुनी लेन्स, जिच्यात
कैरवीचं अख्खं बारसं मावलं होतं,
मोज्यात गुंडाळून बाजूला.
एकच न्यायची, ओझं नको, हा माझाच हट्ट.

"बाबा, वाघ आलाच नाही तर
एवढ्या लांबून कोणाला बघायचं?"
शर्वाणी हसत नाही.
चिवड्याचा डबा कोपऱ्यात रेटून
मुठीएवढी जागा करते.

मी माझा स्वेटर काढून ठेवतो.
जिप्सीत पहाटे कुडकुडायला होतं म्हणतात.
मोजा आत जातो, डब्याला खेटून.
वास लागेल तळलेल्या खोबऱ्याचा.
लागू दे.