चौसष्ट

खिडकी नसलेल्या खोलीत आम्ही तिघं.
प्रत्येकाला एक दिवा, एक भिंग,
आणि नाण्यामागे फार तर वीस सेकंद.
इथे नाणं वाजवून घेत नाहीत.
कडांना धरायचं, कलवायचं,
चांदीवर उजेड चाकासारखा फिरतो का पाहायचं,
मग एक ते सत्तरमधला आकडा टंकायचा.
मालकाचं नाव आम्हाला कळत नाही.

पण हिला मी ओळखतो.
अठराशे शहाऐंशीचा डॉलर, न्यू ऑर्लिन्सची टाकसाळ;
चेहरा बाईचा, म्हणून मी 'ही' म्हणतो.
गालावर मुंगीच्या पावलाएवढी खोच.
ती माणसाच्या हातची नाही.
ही बाजारात कधी गेलीच नाही,
हजारजणींबरोबर एका गोणीत पडून होती,
तिथेच एखादीची कड लागली.

फेब्रुवारीत मी चौसष्ट दिले.
ऑर्विलने चौसष्ट. विनफ्रेडने चौसष्ट.
प्लास्टिकच्या डबीत बंद होऊन गेली.
जूनमध्ये पुन्हा आली, उघडी.
कुणीतरी डबी फोडली होती,
पक्कड घेऊन, श्वास रोखून,
बहुधा गराजमध्ये, घरचे झोपल्यावर.
चौसष्ट आणि पासष्ट यांच्यामध्ये
कुणाचं गळकं छप्पर असतं,
कुणाच्या मुलीची कॉलेजची दोन वर्षं.

त्या दिवशी जेवण छान झालं होतं.
मी पासष्ट टंकले.
मग खोच दिसली, ओळख पटली,
आणि उसने मागणारा नातलग
पुन्हा दारात उभा दिसावा
तसं काहीसं वाटून
मी पाचाचा चार केला.
हे ऑर्विलला अजून सांगितलेलं नाही.

सप्टेंबरात मी रजेवर होतो. विनफ्रेड म्हणाली, चौसष्टच.

आज चौथ्यांदा.
उजेड फिरतो, पण गालापाशी अडखळतो.
तारखेखाली कडेवर ताजी चीर: पक्कड निसटली असणार.
आणि खोचेभोवती बारीक, समांतर रेघा.
कुणीतरी मऊ फडक्याने
ती पुसून काढायला गेलंय.

विनफ्रेडने लिहिलं: घासलेलं. आकडा नाही.
ऑर्विलने तेच.
माझे वीस सेकंद केव्हाच संपले होते,
तरी मी तिला धरून बसलो.
सव्वाशेहून जास्त वर्षं कुणी हात लावला नव्हता.
लावला तो एका आकड्यासाठी,
जो मी एकदा
जवळजवळ दिला होता.

मग मीही लिहिलं.

संध्याकाळी टोलेडोत भुरभुर बर्फ.
लाँड्रोमॅटमध्ये खिशातून पाव डॉलर काढला,
झिजून गुळगुळीत, कशाने तरी चिकट झालेला.
सवयीने ट्यूबलाइटखाली कलवला.
मागे उभ्या बाईने टोपली दुसऱ्या हातात घेतली.
मी नाणं फटीत टाकलं.
मशीनने काहीच विचारलं नाही,
पाणी सुरू झालं.