एक कट्टा

नाव : भूदेवी म्याकल.
वय कार्डावर अठ्ठावन्न, तिच्या हिशेबानं साठ नक्की.
डावा पाय, गुडघ्याखाली.
कारण : साखर.
तिनं सांगितलेलं कारण लिहायला जागा नव्हती :
मे महिना, विड्या उन्हात टाकायला अनवाणी गेले,
पत्रा तापला होता म्हणे.
मला कुठं कळलं.

सिव्हिलच्या या खोलीत पंखा स्वतःपुरताच फिरतो.
माझ्याकडे वीस-बावीस प्रश्नांचा कागद आहे,
पाय बसवण्याआधीच तो सांगतो
बसवल्यावर माणूस कुठवर जाईल.
कुंडली लागत नाही त्याला.
कंबरेचा जोर लागतो, दम लागतो,
आणि उरलेला पाय.

बसून तोल : पैकीच्या पैकी.
चाळीस वर्षं ती फरशीवरच आहे,
मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या गोणपाटात पानं.
खुर्चीतून उठणं : हात टेकून. एक गुण.
आधी किती चालायचात?
‘घर ते कारखाना.’
म्हणजे साधारण किती?
‘हजार.’
पावलं?
‘विड्या.’
रकाना मीटरचा होता. मी कोरा ठेवला.

मग एका पायावर उभं राहणं.
हा प्रश्न सगळ्यात खरा, असं आम्हाला शिकवलंय :
उरलेल्या पायावर जो उभा राहतो
तो नव्यावर चालतो, बहुधा.
हे बहुधा कागदावर छापलेलं नसतं.
मी घड्याळ दाबलं.
तिनं दांडीवरचा हात उचलला,
फार नाही, मधून विडीचा दोरा जाईल इतकाच,
आणि ओठांतल्या ओठांत सुरू केलं
ओकटी रेंडू मूडू नालुगु
बोटं हवेत वळत होती, पान, चिमूट, दोरा,
पोटरी थरथरत होती, तिकडं तिचं लक्षच नव्हतं.
‘झाला बघा कट्टा,’ म्हणाली आणि दांडी धरली.
पंचवीस.
माझ्या घड्याळात नऊ सेकंद.

मी नऊ लिहिले.

बेरीज केली, सांगितलं :
घरातल्या घरात चालाल. वॉकर घेऊन.
ती जावयाशी तेलुगूत काहीतरी बोलली, मग मला विचारलं,
‘मांडी घालता येईल का?’
मी कागद उलटा करून पाहिला.
मागची बाजू पांढरी.
बसताना काढून ठेवावा लागेल, म्हटलं.
‘ठेवीन की. चप्पल काढतोच ना आपण.’

जाताना, पट्टी सारखी करत,
‘आमच्यातही असंच तपासतात.
चेकर मूठभर उचलतो, दाबून बघतो,
हजारातल्या साठ-सत्तर बाजूला टाकतो.
छाट म्हणतात त्याला.
छाट गेली की राहिलेल्याचे पैसे.’
पट्टीवरचा हात तिनं काढला नव्हता.
मी पेनाचं टोपण शोधत राहिले.

नोव्हेंबरात घरकुलात गेले, तपासणी म्हणून.
दाराआड पाय उभा होता, एका चपलेसकट,
कुणी घाईत विसरून गेल्यासारखा.
ती सूप घेऊन बसलेली,
सुपाची डावी कड उशीवर टेकवलेली.
हा कधी घालता?
‘माल द्यायच्या दिवशी. दर शनिवारी.’
आठवड्यातून एकदा, असा रकाना माझ्याकडे नव्हता.

त्या शनिवारी मुद्दाम गेले, लांबून पाहिलं.
वॉकर पुढं, टोपली नातीच्या डोक्यावर,
रस्त्यात तीनदा थांबली, एकदा पाणी प्यायली.
चेकरनं चाळीस छाट काढली.
तशी ती भडकली.
वॉकरचे दोन्ही हात सोडले,
एकात विडी धरली त्याच्या नाकासमोर,
दुसरा कमरेवर,
आणि तेलुगू, मराठी, मधेच कन्नड, असं जे सुटली…
अंगाचा सगळा भार नव्या पायावर.

माझं घड्याळ टेबलाच्या खणात होतं.