गाडी आली होती

बासष्ट.
पाच वर्षं मी तो आकडा खिशात घालून हिंडलो.
महापालिकेच्या तपासणीत दर खेपेला
चांगलं कोलेस्टेरॉल बासष्ट,
आणि लॅबवाली पोरगी म्हणायची,
काका, पुरुषांत एवढं दिसत नाही सहसा.
मी दौलत गांगुर्डे,
पंचवटीत घंटागाड्यांचा मुकादम,
मिसळीवर तर्री जास्त मागून घ्यायचो
त्या बासष्टच्या जिवावर.

फेब्रुवारीत मालेगाव स्टँडच्या चढावर
सायकल हातात धरूनच खाली बसलो.
जबडा ठणकत होता. वाटलं, दाढ.
दाढ नव्हती.

मुंबई नाक्याच्या दवाखान्यात
पडद्यावर माझ्याच छातीतला रस्ता दाखवला त्यांनी,
वळणावर चिमटलेली गल्ली,
एक ऐंशी टक्के, एक सत्तर.
असं कसं, म्हणालो, माझं तर बासष्ट आहे.
रेशनकार्ड पुढं करावं तसं म्हणालो.

डॉक्टर निरगुडे हसल्या नाहीत.
चांगलं म्हणतात ते, म्हणाल्या,
भिंतीतली चरबी उचलून लिव्हरकडे नेऊन टाकतं,
आग लागू देत नाही, गंज धरू देत नाही.
पण अकरा वर्षांची तुमची शुगर,
तो तंबाखू,
आत धुमसत राहिलेली सूज,
ह्यात त्याचंच अंग बिघडतं.
कण तेवढेच राहतात. मोजले की भरतात.
काम करत नाहीत.
कधी कधी तर उलटतात,
विझवायची ती आगच फुंकायला लागतात.
आम्ही मोजतो ते किती आहे.
काय करतंय, ते ह्या कागदावर येत नाही.

कौसल्येला फारसं कळलं नाही.
मला कळलं.
इतकं कळलं की मी भिंतीकडे तोंड केलं.

कारण रजिस्टर माझ्याकडे असतं.
सकाळी सहा चाळीस. गाड्या बावीस, हजर बावीस,
खाली माझी सही.
आणि गणेशवाडीत फुलबाजाराच्या मागं
तीन दिवसांचा झेंडू,
हात घातला तर आतून गरम.

निवृत्ती शेजवळची गाडी तर मी डोळ्यांनी पाहिलेली.
घंटा वाजवत जायची वेळेवर.
हौद कालच्यानेच अर्धा भरलेला,
तळाचा पत्रा कुजलेला,
मागच्या फटीतून काळं पाणी
गळत जायचं दारोदार.
जिथं घाण नव्हती
तिथंही घाण पोचवून यायची.
मी तीही हजर मांडली.

गाडी वाईट नव्हती.
नवी आली तेव्हा मीच तिला हार घातलेला.
निवृत्तीही वाईट नव्हता.
सात महिने अर्धा पगार,
ब्रेकचं काम पुढच्या बिलात,
पाथर्डीच्या खतप्रकल्पावर रांगेत दुपार जायची.
कोण कशानं कामातून जातं
ते हजेरीला विचारून कळत नाही.

नागचौकात एक बाई होती, विडीकामगार.
मी विचारलेलं तिला एकदा,
गाडी आली होती ना?
ती बादली घेऊन उभी.
आली होती की, म्हणाली.
थांबली नाही.

हे सगळं आठवलं मला तिथं,
हिरव्या पडद्याआड,
मांडीला वाळूची पिशवी बांधलेली असताना.

दोन स्टेंट बसले.
आता मी गाडीमागून चालत जातो,
सांगितलंय तेवढंच, सावकाश.
झाकण उचलून बघतो, फटीखाली हात धरून बघतो.
पोरं म्हणतात, मुकादम सरकला.
तंबाखूची डबी कौसल्येनं कचऱ्यात टाकली,
ओल्याच्या डब्यात.
डबी सुक्यात जाते, ह्यावरून भांडलो आम्ही
चांगलं तासभर.

परवा रिपोर्ट आला. साठ.
अजूनही मस्त आहे काका, पोरगी म्हणाली.
मी आकड्यावर बोट ठेवलं.
थांबतं का पण?
तिनं माझ्याकडे पाहिलं,
मग पुढच्या माणसाच्या दंडाला
रबर बांधायला घेतलं.