परतीची ओळ

परीक्षा गुरुवारी.
मागच्या खेपेला एकोणीस गुणांनी गेली.
फी पुन्हा भरली, भिशीच्या पैशांतून.

अंबडच्या कंपनीत अकरा वर्षं बोर्डावर आहे मी.
"जरा होल्ड करा हं" म्हणत
दोनशे चाळीस एक्स्टेन्शनांना बाहेरचं जग जोडून देते.
जूनपासून बोर्ड जाणार, आयपी फोन येणार.
एचआरचे खैरनार म्हणाले, सर्टिफिकेट आणा, मग बघू.
"मग बघू" हा कुठला रूट,
ते अजून सिलॅबसमध्ये आलेलं नाही.

क्लास मेहेर सिग्नलजवळ. खाली मिसळ, वर राउटर.
तर्रीचा वास जिन्यानं चढून सबनेटिंगमध्ये शिरतो.
धात्रक सर फळ्यावर द्वारका सर्कल काढतात:
"सिन्नरला जायचंय. सातपूरच्या टपरीवाल्याला
सिन्नर कुठं ठाऊक? तो म्हणतो, सीबीएसला जा, पुढं विचार.
सीबीएसवाला म्हणतो, द्वारका.
अख्खा रस्ता कुणालाच पाठ नसतो, मॅडम.
प्रत्येकाला फक्त पुढचा नाका माहीत."
आणि पॅकेटच्या कपाळावर एक आकडा,
दर नाक्यावर एकानं उणा होणारा.
शून्य झाला की पॅकेट टाकून द्यायचं,
नाहीतर ते द्वारकेलाच जन्मभर फेऱ्या मारील.
शेजारचा रेहान पिंजारी, वय एकोणीस,
हे सगळं हसत हसत टाइप करतो.
मला वहीत लिहावं लागतं.

घरी तात्या.
टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होते.
मुंबई नाक्याच्या खड्ड्यात, वर ताडपत्री,
चारशे जोड्या एका बैठकीत:
पांढरा-निळा, पांढरा-नारिंगी, पांढरा-हिरवा.
आवाज म्हणजे तांबं, असं त्यांचं मत.
व्हीआरएस घेऊन आले त्या दिवशी
पक्कड रॉकेलनं पुसून माळ्यावर ठेवली,
तिच्याबरोबर बरंचसं बोलणंही.

मी सांगितलं, आता आवाजाचे तुकडे करतात,
वीस-वीस मिलिसेकंदांचे. जो तो आपापल्या वाटेनं.
"मग जोडतं कोण?"
पलीकडचा फोन. जरा थांबतो, मागं राहिलेल्यांसाठी.
फारच उशिरा आला तर टाकून देतो.
"टाकून देतो?"
हो.
"आणि कळत नाही?"
थोडं असेल तर नाही.
त्यांनी माझी केबल उचलली,
टोकाचे आठ रंग उजेडात धरले.
"रंग आमचेच," म्हणाले. "क्रम बिघडवलाय."

रविवारी दोन सेकंडहँड राउटर, मधे लॅपटॉप.
एक फोन गॅलरीत, एक ओट्यावर.
घंटी वाजली. तात्यांनी उचलला.
"हॅलो. कोण बोलतंय?"
मला लख्ख ऐकू येत होतं, कबुतरांसकट.
मी, तात्या, मी.
"हॅलो... कुणीच नाही गं इकडे."
भिंतीपलीकडून एकदा,
फोनमधून किंचित मागाहून पुन्हा एकदा:
कुणीच नाही गं इकडे.

केबल बदलली. तेच.
तात्या येऊन गुडघे मोडून बसले.
"येतंय, जात नाही. फॉल्ट तुझ्या टोकाला."
मी चिडले. हे तांबं नाहीये, तात्या.
ते काही बोलले नाहीत. मी टेबल उघडलं.
सर्व्हरकडे जायची वाट होती, म्हणून घंटी वाजत होती.
त्यांच्याकडून माझ्याकडे यायची वाट होती.
माझ्या राउटरात त्यांच्याकडे जाणारी ओळ
मी लिहिलीच नव्हती.

चार आकडे, चार आकडे, मग पुढच्या नाक्याचा पत्ता.
एंटर.

"आलं," तात्या गॅलरीतून म्हणाले. आणि लगेच,
"आता काय बोलायचं?"
काहीही. टेस्टिंग आहे.
त्यांनी घसा खाकरला,
आणि खात्यातल्या जुन्या आवाजात
अंक म्हणायला लागले: एक, दोन, तीन, चार.
मी एकेक परत पाठवत राहिले.
चौदाला ओट्यावर काहीतरी फसफसलं.
"दूध गेलं बघ," फोनमधून ते म्हणाले.